तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

माझी बहीण कॉन मंगळवारी संध्याकाळी खुर्चीत बसल्याबसल्या गेली, आणि त्याच वेळी मी इटलीत एका सरोवराकाठी पिस्त्याचं आइस्क्रीम खात होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्यामागे बोलूनही झालंय.

आमच्या चर्चच्या निवृत्त मंडळींची सहल होती. एक बस, तीस म्हातारे, आणि दर थांब्याला शौचालयापुढे रांग. मला जायचं नव्हतं. कॉननेच ढकललं. "जा गं," ती म्हणाली, "फिन्टनला जरा ऊन दाखव. बुरशी धरलीय त्याच्यावर." फिन्टन म्हणजे माझा नवरा. त्याच्यावर बुरशी धरली होती हे खरंच आहे, पण कॉनचं हृदय अशक्त होतं हेही खरं होतं, आणि ते सोडून मी बुरशीकडे लक्ष दिलं.

बुधवारी सकाळी हॉटेलात चहा घेत असताना डेक्लनचा फोन आला. डेक्लन कॉनचा एकुलता एक मुलगा. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. शुक्रवारी सकाळी माती द्यायची ठरली होती. आमच्याकडे आयर्लंडात मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवत नाहीत. इंग्रज दोन-दोन आठवडे ठेवतात, त्यांना त्यांच्या माणसांची घाई जिवंतपणीही नसते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी माती. तोवर ते माणूस आपल्याच घरात, आपल्याच बैठकीच्या खोलीत, उघड्या पेटीत असतं, आणि अख्खं गाव येऊन त्याच्या हाताला हात लावून, चहा पिऊन, हॅमचं सँडविच खाऊन जातं. शेवटच्या सकाळी घरचे आणि जवळचे शेजारी तेवढे आत थांबतात, जपमाळ म्हणतात, आणि पेटीवर झाकण बसतं. पोचायचं ते झाकणाआधी. नंतर आलेल्याला आम्ही मयताला आला असं म्हणत नाही, चर्चला आला म्हणतो.

आमचे वडील बर्मिंगहॅमला बांधकामावर होते. परांची कोसळली आणि ते गेले तेव्हा मी लहान होते, कॉन जरा मोठी. पेटी आली ती बंदच आली. बरोबर आलेल्या माणसाने आईला सांगितलं, उघडू नका. आईने उघडली नाही, आणि मरेपर्यंत विश्वासही ठेवला नाही. फाटकाचा आवाज झाला की तिची मान वर व्हायची. पाहुणे आले तरी वडिलांच्या खुर्चीत कुणाला बसू द्यायची नाही. आम्ही दोघी बहिणी त्या फाटकाच्या आवाजात वाढलो. म्हणून मला कॉनचं तोंड बघायचं होतं. फुलं, भाषणं, चर्च, काही नको होतं मला. फक्त एकदा तिचं तोंड बघायचं होतं, म्हणजे ती गेली हे माझ्या डोक्यात शिरलं असतं.

सरळ डब्लिनला जाणारं विमान गुरुवारी दुपारी होतं. सहल पुढे गेली आणि आम्ही दोघं विमानतळावर येऊन बसलो. दुपारचं विमान, संध्याकाळी डब्लिन, तिथून गाडीने लीट्रिमला घरी. मयताच्या घरी दुसऱ्या रात्रीची खरी गर्दी असते, त्या गर्दीत मी असणार होते.

पण धुकं पडलं. साधंसुधं नव्हे. आमच्याकडचं धुकं निदान सरकतं, हे बसूनच राहिलं होतं. काचेपलीकडे उभं असलेलं विमान दिसत नाही म्हणून लोक डोळे बारीक करकरून बघत होते. नंतर कळलं, विमान तिथे नव्हतंच, ते उतरता येईना म्हणून दुसऱ्याच शहरात जाऊन बसलं होतं. फलकावर आमच्या विमानापुढे आधी नवी वेळ आली, मग आणखी नवी, मग नुसतंच 'उशीर'. काउंटरवरची मुलगी गोड होती. प्रत्येकाला तीच ओळ सांगायची: "आम्ही कळवू." इतक्या गोड आवाजात की पुन्हा विचारायला जीव धजू नये.

शेजारी एक इटालियन म्हातारा बसला होता. त्याने पिशवीतून पाव काढला, खिशातल्या चाकूने सॉसेजचे काप केले आणि एक मोठा तुकडा फिन्टनपुढे धरला. सकाळपासून फिन्टनच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तो म्हणाला, "छे छे, तुम्ही खा." म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि स्वतः खाल्लं. फिन्टनची नजर शेवटच्या घासापर्यंत त्या हातावर होती.

"त्याने परत विचारलंच नाही," फिन्टन माझ्या कानात म्हणाला.

"इटालियन आहे तो. त्याला काय माहीत?" मी म्हणाले.

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस हावरट ठरतो. कुणी चहा विचारला तर 'नको, आत्ताच झाला' म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं तर 'कशाला त्रास घेता' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर अर्धा कप' म्हणून दोन कप प्यायचे, केक खायचा. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, तोही तीनदा विचारल्याशिवाय राहत नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, पण समोरच्याला ते भांडं दिसलेलं असतं, म्हणून सगळं सुरळीत चालतं. अडचण बाहेरच्या माणसाची होते.

आणि आमच्या घरात बाहेरचं एक माणूस होतं. डेक्लनची बायको मारिट. ती हॉलंडची. कामाला वाघ, मनाने निर्मळ, आणि बोलणं असं की 'हो' म्हणजे हो आणि 'नको' म्हणजे नको. असं माणसाने जगावं तरी कसं? लग्न होऊन आली त्या पहिल्या रविवारी तिने केक केला, कॉनला विचारलं, कॉन म्हणाली, "नको गं, पोट भरलंय." मारिट म्हणाली, "बरं," आणि केक कपाटात ठेवून दिला. कॉन बिचारी संध्याकाळपर्यंत कपाटाच्या दाराकडे बघत बसली होती. मला फोन करून म्हणाली, "नुआला, या पोरीने मला स्वतःच्या घरात उपाशी मारायचं ठरवलंय." मग दोघी इतक्या हसलो की मला खाली बसावं लागलं. दोघींचं पुढे चांगलं जमलं. शेवटची दोन वर्षं कॉनला आंघोळ मारिटच घालायची.

दुपारी तीनच्या सुमाराला तिचाच फोन आला. मागे माणसांचा आवाज होता, बशांचा आवाज होता, कुणीतरी मोठ्याने हसलं, मयताच्या घरात हसतात तसं.

"मावशी, तुमचं विमान उशिरा आहे असं फोनवर दिसतंय," ती म्हणाली. "डेक्लन लोकांत अडकलाय म्हणून मी बोलते. मी फादरना विचारलं. शुक्रवारऐवजी शनिवारी करता येईल. पण आत्ताच सांगायला हवं, कारण सहाला रेडिओवर वेळ जाहीर होणार. तुमच्यासाठी शनिवार करू का?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला, मला जाणवलं. शनिवार! म्हणजे विमान उद्या सुटलं तरी चालेल. आणि तो दगड उतरत असतानाच माझ्या तोंडाने म्हटलं, "अगं छे छे! आमच्यासाठी कशाला सगळ्यांना खोळंबून ठेवता? मुळीच नको."

"बरं," मारिट म्हणाली. "मग शुक्रवारच. ठेवते मावशी, चहाचा बंब उकळतोय."

आणि तिने ठेवला.

फोन हातात धरून मी तशीच बसले. फिन्टन माझ्याकडे बघत होता. चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत त्याने, त्याला सांगावं लागलं नाही.

"काय म्हणालीस तू?"

"नको म्हणाले."

"कितीदा विचारलं?"

"एकदाच."

"अरे देवा," फिन्टन म्हणाला.

"डेक्लन करेल फोन परत," मी म्हणाले. "तिने सांगितलं की त्याच्या लक्षात येईल. तो म्हणेल, अगं, मावशी नको म्हणाली म्हणजे काय, परत विचार. आमच्याच मातीतला आहे तो."

फोन मांडीवर ठेवून मी वाट बघत राहिले. वाजला की पहिल्या घंटीला उचलायचा नाही, घाई दिसते, तिसऱ्या घंटीला उचलायचा, हेसुद्धा ठरवलं. म्हणायचं, 'डेक्लन, तुम्हाला त्रास नसेल तरच.' मग तो म्हणेल, 'त्रास कसला, मावशी.' मग मी म्हणेन, 'बरं बाबा, तू एवढं म्हणतोस तर.' मनातल्या मनात माझं सगळं संभाषण करून, रडून, डोळे पुसूनही झालं. फोन वाजला नाही. टिंग झालं, आणि निरोप आला.

'मारिटने सांगितलं. तू ग्रेट आहेस मावशी. एवढ्या दुःखातही लोकांचा विचार केलास. मी सगळ्यांना सांगितलं. फादरसुद्धा म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत.'

मी तो फिन्टनला दाखवला. त्याने चष्मा लावून वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"कर फोन," तो म्हणाला.

"आणि काय सांगू?"

"की थांबा माझ्यासाठी. तीन शब्द आहेत, नुआला. दोनच आहेत खरं तर."

"आता? सगळ्या गावासमोर मला संत करून ठेवल्यावर? फोन करून म्हणू, ते मी उगाच म्हणत होते? ब्रिजी फ्लॅनरी बसली असेल तिथे चुलीजवळ, कान टवकारून. उद्या दुकानात काय सांगेल ती?"

"ब्रिजी फ्लॅनरीची बहीण मेलेली नाही. तुझी मेलीय."

"तू कर मग!"

"मी?" फिन्टन म्हणाला. "मी कसा करू? तुझ्या माहेरचा मामला."

असा हा माझा नवरा. पावाच्या तुकड्याला हो म्हणता येत नाही, आणि मला शौर्य शिकवत होता. मी तसं त्याला ऐकवलं. आणखीही बरंच ऐकवलं, त्याच्या आईपर्यंत गेले. म्हाताऱ्या इटालियनने पिशवी उचलली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसला.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मी ती भीक मागायलाच बसले होते, फक्त कुणीतरी हातात आणून घालावी अशी माझी अपेक्षा होती. आणि मनाला पटवत होते की विमान पाचला सुटेल. पाचला सुटलं तर कशाला कुणाला काही विचारायला हवं? पाच वाजले. मग साडेपाच. फोन उचलायचे, डेक्लनचं नाव काढायचे, आणि परत मांडीवर ठेवायचे. सहाला तिकडे रेडिओवर मयतांची नावं वाचतात. आमच्याकडे लोक हवामान चुकवतील, ती नावं चुकवत नाहीत. मला रेडिओवरची ती बाई तिच्या त्या सपाट आवाजात कॉनचं पूर्ण नाव वाचताना ऐकू येत होती. कोन्सेप्टा गिलरॉय, शुक्रवारी सकाळी अकराला चर्चमध्ये मिस्सा, नंतर लगतच्या दफनभूमीत.

काळोख पडायला लागला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माइक हातात घेतला आणि विमान रद्द झाल्याचं गोड आवाजात सांगितलं. पुढचं उद्या सकाळी. ते कितीही वेळेवर सुटलं तरी डब्लिनला उतरेपर्यंत घरी झाकण बसलेलं असणार, हा हिशेब मला कुणी करून दाखवायची गरज नव्हती. तेव्हा मी फोन केला. लाज, ब्रिजी, गाव, सगळं बाजूला ठेवून केला. फार उशिरा माणूस शूर होतो.

"डेक्लन," मी म्हणाले, "शनिवारी करा रे. मला यायचंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. तो माणसांतून उठून बाहेर गेला असावा.

"मावशी, आता कसं करू?" तो म्हणाला. "रेडिओवर झालं. फादरकडे चार गावं आहेत, शनिवार त्यांनी दुसऱ्या घराला दिला, तिकडेही मयत आहे. मँचेस्टरहून आलेली मंडळी उद्या रात्री परत चाललीत. खड्डा खणून झाला. मावशी, दुपारी बोलली असतीस तर..."

"हो," मी म्हणाले.

"मी परत विचारायला हवं होतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "मारिटला काय माहीत? मला माहीत होतं. मला ऐकताक्षणी कळायला हवं होतं, की हे पहिलं नको आहे. पण समोर इतकी माणसं, प्रत्येकाचा हात धरायचा, माझं डोकंच चालत नव्हतं. माझी चूक आहे, मावशी."

"छे रे," मी म्हणाले. "काही हरकत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. काहीही हरकत नाही."

फिन्टन हे ऐकत होता. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

रात्री कुठल्याशा हॉटेलात नेऊन टाकलं, तिथे मी कोट अंगावर ठेवूनच पडले. फिन्टन म्हणाला, "चर्चमध्ये कॅमेरा आहे. मिस्सा फोनवर बघू." म्हातारी माणसं घरबसल्या बघतात, तसं. मी म्हटलं, "काय बघू? पेटीचं लाकूड?" त्याचा हात माझ्या पाठीवर होता आणि मला तो झटकून टाकावासा वाटत होता, आणि तो त्याने काढला असता तर मी मेले असते. झोप कुणालाच लागली नाही.

सकाळी धुकं विरलं होतं. विमान आलं होतं, स्वच्छ उन्हात काचेपलीकडे उभं होतं, कालचा दिवस त्याने पाहिलाच नव्हता अशा थाटात. आम्हाला रांगेत उभं केलं. पुढे तीसेक माणसं, मागे तेवढीच, सगळी कालची, सगळी पारोशी. आणि रांग सरकायला लागली तेव्हा फोन वाजला. समोरासमोर दिसतं तसला फोन. मारिटचं तोंड दिसलं, लाल, केस मागे घट्ट बांधलेले, मागे कॉनच्या स्वयंपाकघराची खिडकी.

"मावशी, दहा मिनिटांत झाकण लावणार आहेत," ती म्हणाली. "मी एक विचारते. तुम्हाला तिला बघायचंय का? मी फोन धरते. इथे काही लोकांना ते आवडणार नाही. मला त्याचं काही नाही."

मयताच्या तोंडावर फोन धरायचा! आमच्या गावात असलं कुणी केलेलं नाही, करणारही नाही. फादर समोर, जपमाळ चाललेली, मँचेस्टरची मंडळी सुतकी कपड्यांत उभी. डेक्लनला हे सुचलं असतं तरी त्याने मला विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. या पोरीने विचारलं.

"हो," मी म्हणाले. पहिल्याच विचारण्याला म्हणाले.

दार उघडलं. जपमाळेचा आवाज मोठा झाला आणि मग एकेक करत थांबला. बुटांची रांग दिसली, गालिचा दिसला, ब्रिजीचा रुमाल दिसला. मारिट कुणालातरी म्हणाली, "जरा सरका, मावशी आहे," आणि मग कॉन दिसली.

माझ्या तळहातात मावेल एवढी. ती कॉनच होती. ओठांना रंग लावला होता, कॉनने उभ्या जन्मात लावला नव्हता तसला. पेटीवाल्या मॅटीची बायको सगळ्या बायकांना तोच एक रंग लावते, अर्ध्या गावच्या बायका त्याच रंगात वर गेल्यात. चष्मा नव्हता. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे तसेच होते. आणि भांग उजवीकडे पाडला होता. तिचा भांग डावीकडे असायचा, लहानपणी आई पाडायची तेव्हापासून. मला म्हणायचं होतं, कुणीतरी तो भांग नीट करा. मला म्हणायचं होतं, मारिट, हात घाल आणि कर. पण चित्र थोडं हललं, अडकलं, परत सुरू झालं, आणि मी नुसती बघत राहिले, कारण बोलले तर बघण्यातला वेळ जाईल असं मला वाटलं. फिन्टनने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"नुआला," मॅटीचा आवाज आला. मॅटी मकगोल्ड्रिक, पुढच्या दारी दारूचं दुकान, मागच्या दारी पेट्या. मी त्याला शाळेपासून ओळखते. तो फोनच्या कोपऱ्यात वाकून उभा होता, टोपी हातात. "अजून जरा थांबू का? बघ तू निवांत."

माझ्यामागे एका माणसाची बॅग माझ्या पायाला लागत होती. रांग पुढे सरकली होती आणि माझ्यापुढे मोकळी जागा पडली होती, सगळे त्या जागेकडे बघत होते. तिकडे घरातही सगळे बघत होते, फादर घड्याळाकडे.

"नको नको, मॅटी," मी म्हणाले. "झालं माझं. लोक खोळंबलेत."

"लोकांचं काय घेऊन बसलीस," मॅटी म्हणाला. "फादर थांबतील. तुला घाई नाही ना?"

"नाही रे, खरंच झालं."

मॅटीने तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं. मी ते पाहिलं. तो आमचाच माणूस, त्याला मोजून पाठ होतं. मी 'बरं, तू एवढं म्हणतोस तर' हे शब्द जिभेवर घेऊन तयार होते.

"ती दोनदा नाही म्हणाली," मारिट म्हणाली, आणि फोन वळला.

छत दिसलं, दिवा दिसला, मग स्वयंपाकघराची खिडकी. मागे लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज आला. जपमाळ पुन्हा सुरू झाली. मारिटने फोन सरळ धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही रडताय."

"हो."

"अजून बघायचं होतं?"

"हो."

"मग नको का म्हणालात?"

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला सांगता येईना. या वयापर्यंत मला कुणी हे विचारलेलं नव्हतं, कारण गावातल्या कुणाला ते विचारावं लागत नाही. मी तोंड उघडायचे आणि नुसता हुंदका यायचा. फिन्टन मागच्या लोकांना हाताने पुढे जा, पुढे जा करत होता आणि ती माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती, खाली बघत. तिकडे जपमाळ संपली. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मॅटीचा आवाज आला, "सगळे मिळून, सांभाळून," आणि बुटांचे जड आवाज.

"मारिट!" मी ओरडले. त्या सगळ्या विमानतळासमोर ओरडले. "त्यांना सांग, झाकण काढा! मला बघायचंय तिला. माझं नाही झालं. सांग त्यांना, काढा ते!"

तिने 'नक्की?' असंसुद्धा विचारलं नाही. फोन हातात तसाच धरून ती धावली. दार, गालिचा, माणसांच्या पाठी, उघडा दरवाजा, बाहेरचं पांढरं आभाळ. तिचा तो स्वच्छ, मोठा आवाज सगळ्या अंगणात गेला, "थांबा! झाकण काढा! मावशीला अजून बघायचंय!"

मला फक्त खडी दिसत होती, आणि मारिटचा बूट. कुणीतरी हळू काहीतरी म्हणालं, मला शब्द लागले नाहीत. डेक्लनचा आवाज असावा, पेटीखाली खांदा असलेल्या माणसाचा येतो तसा दबलेला.

मारिटचं तोंड परत आलं. ती धापा टाकत होती.

"नाही म्हणाले," ती म्हणाली. "उंबरठ्याबाहेर आलीय, आता परत नेत नाहीत."

"तू कितीदा विचारलंस?" मी म्हणाले.

"एकदा," मारिट म्हणाली. "नाही म्हणाले ना, मावशी."